भाडेकरू निवडताना: पिशवीतली दोन वजने



रविवारी आठच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात उभे राहिलो की आम्हाला एकच विषय दोन बाजूंनी ऐकू येतो. एक जण म्हणतो, "वरचा मजला रिकामा आहे, चांगला भाडेकरू असला तर सांगा." दहा पावलांवर उभी असलेली दुसरी बाई म्हणते, "भाचीला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागलीय, खोली बघा की कुठं तरी." पूर्वी आम्ही लगेच दोघांची गाठ घालून देत असू. आता आधी दोघांनाही काही गोष्टी सांगतो आणि मगच फोन नंबर देतो. त्या गोष्टी आम्हाला कशा कळल्या ते आज लिहीत आहोत. त्यात आमच्या चुकांची कबुलीही आहे.

आम्ही घरमालक झालो ते उतारवयात. निवृत्तीचे पैसे आले, त्यात थोडे कर्ज मिळवले आणि बेळगावातल्या जुन्या घरावर एक मजला चढवला. हॉल, एक खोली, स्वयंपाकघर, जिना बाहेरून. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत पाटी लावली. भाडेकरू निवडणे हा कागदपत्रांचा मामला आहे, त्याचा आपल्या श्रद्धेशी काही संबंध असेल असे तेव्हा मनातही आले नव्हते.

पहिला भाडेकरू ओळखीतून आला. तरुण मुलगा, आपल्यातलाच, हातात दुसऱ्या गावच्या फादरांचे पत्र. आम्ही ना आधार कार्ड पाहिले, ना नोकरीची चौकशी केली, ना करार केला. "आपल्याच माणसाला काय विचारायचं?" असे आम्हीच एकमेकांना म्हणालो. दोन महिने भाडे आले. मग आज देतो, उद्या देतो सुरू झाले. पाचव्या महिन्यात तो शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून निघून गेला. तीन महिन्यांचे भाडे बुडाले, हेस्कॉमचे लाइट बिल आम्हीच भरले. नंतर कळले की आमच्याकडे येण्याआधीच त्याची नोकरी सुटली होती. मुलगा लबाड नव्हता, लाजत होता. कंपनीत एक फोन केला असता तर हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळले असते. कदाचित तेव्हाच त्याला काही मदत करता आली असती. न विचारण्याला आम्ही प्रीती समजलो. तो आमचा आळस होता.

दूध पोळले की माणूस ताक फुंकून पितो. आम्ही मात्र एकाचेच ताक फुंकले, दुसऱ्याचे दूध तसेच पाजले. ते असे झाले.

पाटी पुन्हा लावली. एका रविवारी दुपारी चारला मोटारीतून एक कुटुंब आले. नीटनेटके, इंग्रजी बोलणारे. त्यांना वर नेले, खुर्च्या मांडल्या, चहा केला. कुठे काम करता, आधी कुठे राहत होता, यातले काहीही विचारले नाही. "सांगतो" म्हणून ते गेले. पाच वाजता गेटवर एक तरुण उभा राहिला. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला होता. बरोबर आई आणि धाकटी बहीण. आधी कन्नडात बोलला, मग मोडक्यातोडक्या मराठीत. आम्ही गेट उघडलेच नाही. आत उभे राहून विचारत गेलो: आधार आहे का, पगार किती, घरी कोण कोण येते, स्वयंपाकात काय करता? मग पूर्ण नाव विचारले. ते मुसलमान आहेत हे कळले आणि आमच्यापैकी एकाने म्हटले, "जागा दिली गेली." दुसऱ्याने मान डोलावली. त्या मुलीने वर पाहिले. पाटी तिच्या डोक्यावरच लटकत होती.

मोटारवाल्यांचा पुन्हा फोनही आला नाही. पाटी आणखी तीन आठवडे तशीच राहिली.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तीन वर्षांच्या वाचनचक्रात रविवारी येतो. सभास्थानात सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो, त्याला चांगली जागा मिळते. मळक्या कपड्यांतला गरीब येतो, त्याला तिथे उभा राहा किंवा पायाशी बस असे सांगितले जाते. हे वाचन आम्ही स्वतः चर्चमध्ये उभे राहून, स्पष्ट उच्चारांत वाचलेले आहे. त्या रविवारी आमच्या गेटवर तेच घडले. एकाला खुर्ची, एकाला गेटची सळई. फरक इतकाच की याकोबाच्या गोष्टीतल्या लोकांनी निदान खोटे तरी सांगितले नव्हते.

आम्हाला ती मुलगी विसरता येत नाही, कारण त्या पाटीखाली आम्हीही उभे राहिलो आहोत. लग्न होऊन वर्ष झाले नव्हते, याच शहरात खोली शोधत होतो. घरमालक बोलायला गोड. खोली दाखवली, भाडे ठरले, आणि मग नाव विचारले. नाव ऐकल्यावर आठवले की पुतण्याला जागा द्यायचा शब्द दिलाय. पाटी दुसऱ्या आठवड्यातही तिथेच होती. मांस-मच्छीचा वास, रविवारी येणारे पाहुणे, प्रार्थनेची गाणी, अशा कितीतरी कारणांनी आपल्या लोकांना घरे नाकारली गेली आहेत. हे वाचणाऱ्या प्रत्येक कुटुंबात अशी एक तरी आठवण असेल. ती आपण मुलांना सांगतो, त्यात आपण नेहमी गेटच्या बाहेर असतो. आता आपल्यातल्या पुष्कळांनी घरे बांधली, मजले चढवले. आपण गेटच्या आत आलो आणि आतल्यांची भाषा किती लवकर शिकलो!

मिसर देशात तुम्हीही परके होता, म्हणून परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, अशी आज्ञा लेवीयच्या १९व्या अध्यायात आहे. हे वचन आपल्याला पाठ असते. पण त्याच्या लगेच पुढे काय आहे ते पाहा (३३ ते ३६ ओव्या एकत्र वाचा). पुढे आहे खरा तराजू, खरी वजने आणि खरी मापे यांची आज्ञा. परक्यावर प्रीती आणि मग थेट बाजारातला तराजू. आम्हाला पूर्वी हे दोन वेगळे विषय वाटत. अनुवादाच्या २५व्या अध्यायात तर पिशवीत एक लहान आणि एक मोठे अशी दोन वजने ठेवू नको असे स्पष्टच सांगितले आहे. ज्याच्या पिशवीत दोन वजने आहेत तो प्रत्येक गिऱ्हाइकाला फसवतो असे नाही. समोर कोण आले ते पाहून तो वजन काढतो. आम्ही नेमके हेच केले. आपल्या मुलासाठी एक वजन, मोटारवाल्यांसाठी तेच हलके वजन, आणि फाउंड्रीतल्या तरुणासाठी दुसरे.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की भाडेकरूची चौकशी जरूर करावी, न करणे हा गुण नाही. पण वजन एकच असावे, आणि ते गिऱ्हाईक येण्याआधी ठरलेले असावे. आम्ही आता पाटी लावण्याआधी एका कागदावर प्रश्न लिहितो आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो. जो येईल त्याला, मग तो फादरांचा भाचा का असेना, तेच प्रश्न त्याच क्रमाने. सगळ्यांना गेटच्या आत, सगळ्यांना खुर्ची. जो पहिला त्या प्रश्नांत बसेल त्याला जागा. "अजून चांगले कोणी येईल" म्हणून थांबायचे नाही, कारण त्या थांबण्यातच दुसरे वजन लपलेले असते.

प्रश्न कोणते? माणूस काय करतो याचे. तो कोण आहे याचे नव्हेत. काम कुठे आणि किती दिवसांपासून, आणि तिथे फोन करून खात्री केली तर चालेल का. भाडे त्याच्या मिळकतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास बसते का. राहणार किती जण. आधीच्या घरमालकाचा नंबर. यात एक अनुभवाची गोष्ट सांगतो: सध्याच्या मालकाबरोबर त्याच्याही आधीच्या मालकाला विचारावे. सध्याच्या मालकाला भाडेकरू घालवायचाच असेल तर तो त्याची स्तुती करील. आधीच्याला खोटे बोलायचे कारण नसते. त्याला तीनच गोष्टी विचाराव्यात: भाडे वेळेवर येत होते का, घर कसे सोडले, पुन्हा द्याल का.

पगाराची स्लिप नसलेला माणूस आला तर? आपल्या शहरात फाउंड्रीत, मागावर, गाड्यावर काम करणारे कितीतरी आहेत, त्यांना स्लिप कुठली? इथे एकच वजन म्हणजे एकच कागद नव्हे. प्रश्न एकच, "भाडे वेळेवर देऊ शकाल का?" उत्तर दाखवण्याचे मार्ग अनेक. गेल्या वर्षभर फोनवरून भरलेले भाडे, वेळेवर भरलेली लाइट बिले, भिशीचा हप्ता. जो दर महिन्याला न चुकता भिशी भरतो त्याच्या शिस्तीचा पुरावा आम्हाला पगाराच्या स्लिपइतकाच पक्का वाटतो.

ओळखपत्र पाहावेच. पण त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नये. आपल्या एका ग्रुपवर कोणी तरी एका जोडप्याचे आधार कार्ड टाकून "यांना कोण ओळखतं?" असे विचारले होते. अर्ध्या तासात तीन ऐकीव गोष्टी जमा झाल्या, त्यातल्या दोन दुसऱ्याच कोणाच्या निघाल्या. खोट्या साक्षीची आज्ञा मोबाइललाही लागू आहे. ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात असे झाकलेले आधार भाडेकरू स्वतः काढून देऊ शकतो, तेवढे पुरते. ज्याला जागा दिली नाही त्याचे कागद त्याला परत द्यावेत किंवा फोनमधून पुसून टाकावेत.

कायद्याचे थोडेसे. करार अकरा महिन्यांचा का करतात असे बरेच जण विचारतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबतात. मुदत काहीही असो, करार लेखी असावा आणि एक प्रत भाडेकरूकडे असावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. प्रशासनाने तसा आदेश काढलेला असताना ती न देणे हा घरमालकाचा गुन्हा ठरतो. हेही सर्वांच्या बाबतीत करावे. नाव पाहून काहींचीच माहिती देणे म्हणजे पुन्हा पिशवीतले दुसरे वजन.

डिपॉझिटबद्दल आम्ही जास्त बोलतो, कारण बायबलमध्ये त्यावर पुष्कळ आहे आणि आपण ते वाचत नाही. अनुवादाच्या २४व्या अध्यायात सांगितले आहे की कर्जाचे तारण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नको. बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. आणि गरिबाचे पांघरूण तारण ठेवले असेल तर सूर्य मावळताना परत कर, म्हणजे त्याला झोपता येईल. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत नको, आणि घरात जायचे तर २४ तास आधी कळवा, असे त्यात आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. पण मोशेने घातलेला नियम आपल्याला कोणाच्या स्वीकृतीशिवाय लागू आहे ना? मग भाडेकरू कामावर गेल्यावर आपल्या किल्लीने दार उघडून "सहज बघून येणारे" घरमालक आपल्या मंडळीत का असावेत? दहा महिन्यांची अनामत मागून गरिबाला न बोलता वगळणारे का असावेत? चाळणी प्रश्नांची असावी, पैशांच्या थैलीची नको.

आता शिफारशीच्या पत्रांबद्दल. फादरांकडून आणि आमच्यासारख्या स्वयंसेवकांकडून अशी पत्रे फार सहज दिली जातात. संत पौलाने फिलेमोनाला लिहिलेले छोटेसे पत्र शिफारशीचेच आहे. पळून गेलेल्या अनेसिमसाला परत घे, तो माणूस चांगला आहे एवढे म्हणून पौल थांबत नाही. त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे तो स्वतःच्या हाताने लिहितो. (शेवटी स्वतःसाठीही उतरायची जागा तयार ठेवायला सांगतो, ही गंमत वेगळीच.) त्यानंतर आम्ही एक नियम केला. ज्याचे एका महिन्याचे भाडे आपण भरायला तयार नाही, त्याची शिफारस करायची नाही. आमची पत्रे एकदम कमी झाली. काही जण रुसले आहेत.

आता आमच्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपाकडे येऊ. "घर आमचं, कष्टाचं. कोणाला द्यायचं हे आम्ही ठरवणार." खरे आहे. अस्पृश्यता पाळून घर नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण धर्म, भाषा किंवा ताटातले अन्न पाहून खासगी मालकाने घर नाकारले तर कायदा सहसा त्याचा हात धरत नाही. राज्यघटनेच्या १५व्या कलमातली बंदी मुख्यतः सरकारवर आणि दुकाने, हॉटेले अशा सार्वजनिक जागांवर आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्या विवेकाकडेच सोपवलेला आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो दबक्या आवाजात येतो. "आपण थोडे लोक. उद्या काही झालं तर पोलीस आपल्या दारात येतील, शेजारी बोलतील." ही भीती आम्हालाही होती, आजही पूर्ण गेलेली नाही. त्या संध्याकाळी खोटे बोलायला लावले ते याच भीतीने. पण ही भीती ज्या गोष्टींची आहे त्यांचे उत्तर कामाच्या ठिकाणी केलेला फोन, आधीचा मालक, लेखी करार आणि पोलिसांत दिलेली माहिती यात आहे. नावात ते उत्तर नाही. आमचे भाडे बुडाले ते तर आपल्याच नावाच्या माणसाकडून.

नाताळात आपण बेथलेहेमच्या निर्दय सराईवाल्याला दर वर्षी नाटकात उभे करतो. लूकच्या शुभवर्तमानात तो माणूस कुठेच नाही. उतारशाळेत जागा नव्हती एवढेच आहे. जो नाही त्याला आपण शिव्या देतो, आणि जो नक्की होता त्याची आठवणही काढत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा शेवट पाहा. संत पौल रोममध्ये पुरी दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला. म्हणजे त्याला घर देणारा कोणी तरी होता. भाडेकरू कसा? परगावचा, एकटा पुरुष, खटला चालू असलेला, साखळीने बांधलेला, पहाऱ्याला शिपाई, आणि भेटायला येणाऱ्यांची सारखी रीघ. "बाहेरच्यांना येण्यास मनाई", "फक्त कुटुंबासाठी", "आपल्या लोकांनाच" अशा आपल्या कोणत्याही पाटीखाली तो उभा राहू शकला नसता. त्या घरमालकाचे नाव पवित्र शास्त्रात नाही. तो विश्वासणारा होता की नव्हता तेही नाही. त्याने पौलाला काय विचारले असेल याचा आम्ही कधी कधी विचार करतो. भाडे कोण देणार, हे नक्कीच विचारले असेल.

त्या फाउंड्रीतल्या तरुणाची माफी मागावी असे ठरवून आम्ही दोन रविवार उद्यमबागेच्या बाजूला फिरलो. पण कोणत्या फाउंड्रीत विचारणार? पगार विचारला, स्वयंपाक विचारला. फोन नंबर विचारलाच नव्हता.

गेल्या महिन्यात वरचा मजला पुन्हा रिकामा झाला. कागद काढला, चार कुटुंबे आली, चौघांनाही खुर्ची मिळाली. पहिल्या आलेल्या बाईला आम्ही नाही म्हणालो. नवरा नाही, दोन मुले, शिवणकाम. आमचे भाडे तिच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त होत होते. या वेळी खोटे कारण दिले नाही. आकडे मांडून दाखवले, आणि तिला परवडेल अशी एक लहान खोली ओळखीच्यांकडे आहे तो नंबर दिला. ती म्हणाली, "बरं झालं, सरळ सांगितलंत." दुसरे आलेले कुटुंब आता वर राहते, कन्नड बोलणारे, भाडे पाच तारखेच्या आत येते. तरी आमच्यापैकी एकाला वाटते की वजन खरे होते आणि आपण योग्य केले. दुसरीला वाटते की भाडे हजार रुपयांनी कमी करून त्या बाईलाच जागा द्यायला हवी होती. आपल्याला त्या हजारावाचून काही अडत नव्हते. यावर आमचे जेवणाच्या टेबलावर अजून एकमत झालेले नाही.